प्लेगच्या डॉक्टरला सापडलेले फुलांचे पठार

आमच्या लहानपणी दांडिया बाजारातील वाड्यात एखादा मेलेला उंदीर आढळला की आजी सारे घर डोक्यावर घेत असे. मुलांना तत्काळ अंगणात काढायचे, खोली धुऊन घ्यायची, कडुनिंबाचा पाला आणि धूप घालून कोनाकोपरा धुरवायचा, आणि तिन्हीसांजेपर्यंत कोणी त्या खोलीत पाऊल टाकायचे नाही असा तिचा दंडक होता. आम्ही हसत असू. आजी मात्र हसत नसे. "आधी उंदीर पडतात, मग माणसं," एवढेच ती म्हणे. शतक पालटण्याच्या सुमारास बडोद्यात प्लेग आला, तेव्हा ती सात-आठ वर्षांची होती. घराला कुलूप लावून सारे कुटुंब विश्वामित्रीपलीकडच्या शेतात झोपडी घालून राहिले होते. "झोपडीत गेलो तेव्हा आम्ही सहा जणं होतो, परत आलो तेव्हा पाच," असे सांगून ती थांबे. तिच्या पाठची बहीण शेतातच राहिली होती.

व्हिएतनाममधील एका डोंगराळ बागेच्या प्रवासवर्णनाचा आरंभ बडोद्याच्या प्लेगपासून व्हावा, याचे वाचकांस नवल वाटेल. निघताना आमच्याही ध्यानीमनी ते नव्हते. आम्ही उभयता निघालो होतो ते केवळ फुले पाहावयास. सौ.ने तीस वर्षे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकविले, आणि निवृत्तीनंतर गच्चीवर गुलाबाच्या कुंड्या मांडल्या. वैशाखातला बडोद्याचा उन्हाळा त्या कुंड्यांचे काय करतो, हे इकडच्या मंडळींस सांगणे नको. बारा महिने गुलाब फुलणारे दालात नावाचे एक पठार विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या देशात आहे, असे तिच्या वाचनात आले आणि २०२५ च्या जानेवारीत आम्ही प्रस्थान ठेवले.

हो ची मिन्ह शहराहून दालात सुमारे तीनशे किलोमीटर. बसने सात-आठ तासांचा रस्ता. प्रथम रबराचे मळे, मग बाओ लोक घाटाच्या वर चहाचे मळे आणि तुतीची शेते. घाटामागून घाट चढून संध्याकाळी खिडकीबाहेर पाहतो तो दोहों बाजूंस पाइनचे उंच वृक्ष! सौ.ने सुया मोजून सांगितले, "अहो, तीन-तीनच्या झुपक्यांचा हा खासी पाइन. आपल्या मेघालयातल्या खासी टेकड्यांवरूनच याला नाव पडलंय." परदेशात पहिल्याच संध्याकाळी ओळखीचे कोणी भेटावे तसे आम्हांस झाले. बसमधून उतरताच शाली काढाव्या लागल्या. समुद्रसपाटीपासून दालातची उंची सुमारे पंधराशे मीटर. जानेवारीतली रात्र आपल्या महाबळेश्वरासारखीच बोचरी.

दुसऱ्या दिवशी आमच्यासोबत वाट दाखविण्यास एक विद्यार्थिनी आली. व्हिएतनामी भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' यांच्या जागी नात्याचेच शब्द वापरतात, हे तिच्याकडून कळले. त्या मुलीने आम्हांस पहिल्या क्षणापासून 'ओंग' आणि 'बा', म्हणजे आजोबा आणि आजी, असेच संबोधिले. परक्या भाषेतली ती हाक आम्हांस परकी वाटली नाही.

दालातच्या मध्यभागी स्वान हुओंग नावाचे सरोवर आहे. १९१९ साली बांध घालून ते निर्माण केले, आणि पुढे त्याला अठराव्या-एकोणिसाव्या शतकांच्या सांध्यावरील एका विदुषी कवयित्रीचे नाव देण्यात आले. सरोवराच्या उत्तरेस नगर-पुष्पोद्यान आहे. १९६६ साली त्याची उभारणी झाली. विस्तार सुमारे सात हेक्टर. गुलाबांचे ताटवे, आमऱ्यांची दालने, आणि हायड्रेंजियाचे निळेजांभळे गेंद. जमीन आम्लधर्मी असली की हे फूल निळे होते, नसली की गुलाबी. एकच झाड दोन गावांत दोन रंगांचे फुलते. सौ. एका वाफ्यापुढे इतका वेळ उभी राहिली की माळ्याने हसून तिला बसावयास तिवई आणून दिली.

परंतु आमच्या मनात अधिक भरले ते रस्त्याकडेचे एक झाड. पान नाही, केवळ फिकट गुलाबी फुलांनी लहडलेल्या फांद्या. तेथे त्यास 'माय आन्ह दाओ' म्हणतात आणि ते फुलले की 'तेत' हा नववर्षाचा सण जवळ आला असे समजतात. सौ.ने ओळखले, की हा आपल्या हिमालयातला पद्मक. आयुर्वेदात ज्याचे पद्मकाष्ठ सांगितले आहे, तोच हा वृक्ष. एरवी बागेतील पुष्कळशी फुले युरोप-अमेरिकेतून आलेली; हा मात्र येथल्या डोंगरांचाच रहिवासी.

उद्यान पाहून सरोवराच्या काठाने फिरत असता एका छोट्या बागेत एका दाढीवाल्या युरोपीय गृहस्थाचा पुतळा दिसला. पायथ्याशी ताजी शेवंतीची फुले होती, आणि विझलेल्या उदबत्त्यांच्या काड्या. साम्राज्य गाजवून गेलेल्यांचे पुतळे त्या देशाने कधीच उतरविले. मग या एकाला फुले कोण वाहते, असे आम्ही विचारले. मुलगी म्हणाली, "हे डॉक्टर येर्सिन. दालात यांनीच शोधलं. आणि प्लेगचा जंतूही यांनीच शोधला."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. दांडिया बाजारातला तो वाडा, धूप, आणि अंगणात काढलेली आम्ही मुले, हे सारे एका क्षणात त्या सरोवराकाठी येऊन उभे राहिले.

अलेक्झांडर येर्सिन हा १८६३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मला. पॅरिसमध्ये पाश्चर यांच्या संस्थेत काम करून नाव मिळवू लागला असतानाच तो सारे सोडून जहाजावरचा डॉक्टर झाला आणि इंडोचीनच्या किनाऱ्यावर उतरला. डोंगरांतून वाटा शोधीत असता १८९३ च्या जून महिन्याच्या एकविसाव्या दिवशी तो पाइनच्या रानातून लांगबियांगच्या उघड्या, लाटांसारख्या पठारावर बाहेर पडला. पुढल्याच वर्षी, १८९४ साली, हाँगकाँगमध्ये प्लेगची साथ उसळली, तेव्हा एका गवती झोपडीत सूक्ष्मदर्शक मांडून त्याने त्या रोगाचा जंतू ओळखला. आज त्या जंतूच्या शास्त्रीय नावात त्याचे नाव आहे.

१८९६ साली तोच रोग मुंबईस पोहोचला. १८९७ साली पुण्यात काय घडले, रँड कोण आणि चापेकर कोण, हे मराठी वाचकांस सांगावयास नको. त्याच वर्षी येर्सिन आपली प्रतिविषाची लस घेऊन मुंबईस आला होता. त्या लसीने अपेक्षेइतका गुण आला नाही, आणि तो परतला. त्याच्या जागी आलेल्या पॉल-लुई सिमाँ या डॉक्टरने १८९८ साली कराचीत हे दाखविले, की उंदरांचा रोग माणसांपर्यंत आणते ती पिसू. म्हणजे आजीचे "आधी उंदीर, मग माणसं" हे बोलणे शास्त्रालाही धरूनच होते. ज्याने तिच्या बहिणीच्या मारेकऱ्याला प्रथम ओळखले, त्याच्या पुतळ्यापुढे आम्ही अनायासे येऊन ठेपलो होतो. सौ.ने जवळच्या फुलवालीकडून शेवंतीची एक जुडी घेतली आणि पायथ्याशी ठेवली. मुलीने कारण विचारले. सौ.ने सांगितले, "माझ्या आजेसासूबाईंच्या बहिणीच्या वतीनं." मुलगी काही बोलली नाही, तिने आपणहून एक उदबत्ती आणून लावली.

मुंबईहून परतलेल्या येर्सिनला त्याच १८९७ साली इंडोचीनचे नवे गव्हर्नर जनरल पॉल दुमेर यांनी विचारले, की उष्म्याने खंगणाऱ्या फ्रेंचांसाठी आरोग्यधाम कोठे वसवावे? येर्सिनने लांगबियांगचे पठार सुचविले. १९२२ साली तेथे भव्य हॉटेल उघडले. १९२३ साली एर्नेस्त एब्रार या वास्तुशास्त्रज्ञाने नगराचा आराखडा आखला. येर्सिन स्वतः मात्र समुद्रकाठी न्या त्रांग येथे कोळ्यांच्या वस्तीत राहिला, रबर आणि सिंकोना यांची लागवड करून पाहिली, आणि १९४३ साली तेथेच वारला. सिंकोना म्हणजे ज्याच्या सालीपासून कोयनेल होते ते झाड. न्या त्रांगचे लोक त्याला आपुलकीने 'पाचवे आजोबा' अशा अर्थाच्या नावाने ओळखत. १९७५ नंतर त्या देशात पुष्कळ रस्त्यांची परकी नावे पुसली गेली. येर्सिनचे नाव राहिले.

परंतु हे नगर रिकाम्या जागी वसले नव्हते, हेही सांगितले पाहिजे. 'दा' म्हणजे पाणी किंवा ओढा, आणि 'लात' हे तेथील आदिवासींच्या एका शाखेचे नाव. दालात म्हणजे लात लोकांचा ओढा. हे कोहो जमातीचे लोक. घाटरस्ते आणि लोहमार्ग बांधण्यासाठी पहाडी माणसांना आणि सखल प्रदेशातील व्हिएतनामी मजुरांना वेठीस धरण्यात आले. हिवतापाने आणि कष्टाने त्यांतील कितीएक दगावले. त्यांचे पुतळे कोठे नाहीत.

तिसऱ्या दिवशी लांगबियांग पर्वताच्या पायथ्याशी एका कोहो घरी आम्ही कॉफी प्यायलो. पर्वताचे सर्वोच्च शिखर २,१६७ मीटर उंच. क्लांग आणि बियांग या भिन्न टोळ्यांतील प्रेमिकांच्या मरणानंतर त्यांच्या नावे हा पर्वत ओळखला जाऊ लागला, अशी कथा तेथे सांगतात. घरची मालकीण परसात वाळत घातलेली कॉफीची फळे हाताने उलथीत होती. या लोकांत वंश आईच्या नावे चालतो, लग्नानंतर नवरा मुलगा बायकोच्या घरी नांदावयास येतो आणि घरदार मुलीकडे जाते. सौ.ने "मुलीची पाठवणी करताना आई रडत नसेल मग!" असे म्हटल्यावर, ते भाषांतरून ऐकताच ती बाई मनापासून हसली. "मुलाची आई रडते," असे तिने उत्तर दिले.

दालातचे जुने रेल्वे स्थानक १९३८ साली पुरे झाले. तीन उतरत्या छपरांचे त्याचे दर्शन लांगबियांगच्या शिखरांची आठवण देते. येथून समुद्रकाठच्या मैदानावरील थाप चाम स्थानकापर्यंत ८४ किलोमीटरचा दंतुर रुळांचा मार्ग १९३२ पासून वाहता होता. आपल्या निलगिरीच्या गाडीप्रमाणेच चढावर दातेरी चाक रुळाला धरून इंजिन वर ओढीत असे. 'थाप चाम' म्हणजे चाम लोकांचे मनोरे. तेथे पो क्लोंग गराय हे शिवाचे प्राचीन देवालय आजही उभे आहे आणि त्यात मुखलिंगाची पूजा होते. शिवालयाच्या पायथ्याशी निघालेली आगगाडी पाइनच्या रानात पोहोचे, ही कल्पना आम्हांस मोठी रम्य वाटली. युद्धात हा मार्ग बंद पडला. पुढे रूळ उखडले गेले, आणि स्विस बनावटीची काही इंजिने १९९० साली स्वित्झर्लंडने परत विकत नेली. आता केवळ चाय मात या गावापर्यंतची सात किलोमीटरांची गाडी उरली आहे. तिने आम्ही गेलो. अर्ध्या तासाच्या या वाटेत खिडकीबाहेर कोबी, गाजर, आर्टिचोक आणि स्ट्रॉबेरी यांचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे दिसतात. चाय मातला लिन्ह फुओक हा बौद्ध विहार आहे. फुटक्या चिनी मातीच्या आणि काचेच्या तुकड्यांनी त्याच्या भिंती मढविलेल्या आहेत. टाकाऊ खापराचे इतके सोने झालेले आम्ही अन्यत्र पाहिले नाही.

शाकाहारी मंडळींनी जेवणाची काळजी करू नये. 'चाय' हा एक शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ आपला चहा नव्हे, तर बौद्धांचे शाकाहारी अन्न. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेथे पुष्कळ लोक चाय पाळतात, जशी आपली एकादशी. आर्टिचोकचा कडवट-गोड काढा आणि रात्रीच्या बाजारात मिळणारे वाफाळते सोयाबीनचे दूध यांवर आमच्या संध्याकाळी निभावल्या.

आता या बागेची दुसरी बाजू. चौथ्या रात्री आम्ही एका उंचवट्यावरून खाली पाहिले, तो सारी दरी सोनेरी दिव्यांनी उजळली होती. हे शहर असावे असे वाटले; परंतु ते होते थाय फिएनचे शेवंतीचे मळे. शेवंतीला कळी धरण्यास लांब रात्र लागते. रात्री मध्येच दिवे लावले की रात्र लहान झाली असे समजून झाड कळी न धरता उंच वाढत राहते; हवी तेवढी उंची झाली की शेतकरी दिवे बंद करतो, आणि साधारण दोन महिन्यांनी फूल तयार होते. अशा रीतीने फुलांना सणाच्या तारखा शिकविल्या जातात.

सकाळी तेथे गेलो, तेव्हा दिव्यांच्या जागी दिसले ते प्लास्टिक. डोंगरच्या डोंगर पांढऱ्या कापडात गुंडाळल्यासारखे. दालातच्या परिसरात अशी हरितगृहे अडीच हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर पसरली आहेत. १९३८ साली हनोईजवळच्या हा दोंग भागातून माळी कुटुंबे आणून येथे भाजीपाल्याची पहिली मोठी वस्ती झाली, तेव्हा सारी शेती उघड्या आभाळाखाली होती. आम्ही ज्याच्या मळ्यात उभे होतो तो पन्नाशीचा शेतकरी म्हणाला, की त्याचे आजोबा मध्य व्हिएतनाममधून रिकाम्या हाताने आले. उघड्यावर लावलेले फूल एका पावसात सडे. प्लास्टिक आले, आणि त्याची मुलगी शिकून परिचारिका झाली. परंतु आता पाऊस जमिनीत मुरत नाही. छपरांवरून घसरून एकदम ओढ्यात येतो. खालच्या आळीत राहणाऱ्या त्याच्या बहिणीच्या घरात दर पावसाळ्यात पाणी शिरते. "ते पाणी माझ्याच छपराचं आहे, हे तिलाही ठाऊक आहे. ती काही बोलत नाही," असे सांगून तो पुन्हा जुड्या बांधू लागला. तेतला दोन आठवडेही उरले नव्हते.

२०२३ च्या जूनमध्ये मुसळधार पावसात दालातमध्ये उतारावरच्या बांधकामाजवळ दरड कोसळून दोघे कामगार मृत्युमुखी पडले. शहरातल्या वस्तीमधील हरितगृहे २०३० पर्यंत हलवावीत असे प्रांताच्या सरकारने ठरविले आहे. परंतु त्या शेतकऱ्याने कोठे जावे, हे त्याला अद्याप कोणी सांगितलेले नव्हते. आम्ही गेलो तेव्हा दालात हे एक शहर होते. १ जुलै २०२५ पासून नव्या रचनेत त्याचे वेगवेगळे प्रभाग झाले. पाणी मात्र पूर्वीच्याच उताराने वाहत असणार.

बडोद्यास परतल्यावर प्रवासाचे छायाचित्र-दर्शन नातलगांस घडविले, आणि एका रविवारी आम्ही उंडेऱ्याला गेलो. कारण सांगतो. येर्सिनविषयी वाचता वाचता एक गोष्ट समोर आली, जी आमच्या आजीनेही कधी सांगितली नव्हती. १८९८ च्या फेब्रुवारीत डॉक्टर हाफकिन यांनी आपल्या प्लेगच्या लशीची कसोटी पाहिली ती बडोद्यापासून सहा मैलांवरील उंडेरा गावी. गावातल्या सुमारे निम्म्या माणसांस त्यांनी घराघरांतून निवडून टोचले. पुढे ज्या घरांत रोग शिरला, तेथील न टोचलेल्यांपैकी २६ जण दगावले आणि टोचलेल्यांपैकी ३. एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांची ही तुलना. लस वाचविते, हे जगाला पटविण्यात आपल्या वेशीबाहेरच्या शेतकऱ्यांनी उघडा दंड पुढे केला होता.

उंडेरा २०२० पासून महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे. रिक्षा थेट गावात गेली. देवळाच्या पारावर बसलेल्या चार वृद्धांस आम्ही विचारले. हाफकिनचे नाव त्यांनी ऐकले नव्हते. टोचण्याची गोष्टही नाही. एकाने मात्र थोडे आठवून सांगितले, की त्याची पणजी म्हणे, 'गोऱ्या डॉक्टरनं सुई मारली म्हणून मी राहिले.' घरचे लोक ती म्हातारीची भ्रमंती समजत.

सौ.ने त्या गृहस्थाकडून पणजीचे नाव विचारून आपल्या वहीत टिपून घेतले. आमच्या आजीच्या धाकट्या बहिणीचे नाव मात्र आता घरात कोणालाच आठवत नाही. आम्ही तेव्हा विचारले नाही, आजीने सांगितले नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या हिशेबाच्या वह्या, कुलवृत्तांत अथवा पत्रे असतील, आणि त्यांत प्लेगच्या वर्षांतील माणसांची नावे असतील, तर ती एका कागदावर उतरवून ठेवावीत, एवढीच विनंती. आमच्या वहीत तूर्त एकच नाव आहे, आणि ते उंडेऱ्याच्या वाचलेल्या पणजीचे आहे.